आमच्या घरचा आगमनकाळ : वसई ते बर्मिंगहॅम

चारेक वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत एका काकूंशी ओळख झाली. गाव कुठलं, इकडे कधी आलात, मुलं किती, सगळं रीतसर झालं. मी आडनाव सांगितलं आणि त्यांच्या हातातला मोदक क्षणभर तसाच थांबला. "अय्या, म्हणजे तुम्ही गोव्याचे! पण मराठी किती छान बोलता हो!" मी म्हटलं, "काकू, गोव्याचा नाही, वसईचा. आणि मराठी शिकावी लागली नाही, ती घरातच होती." काकू मनाने फार चांगल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घातली आणि निघताना नाताळच्या केकची कृती मागितली.

यंदा स्मरणिकेसाठी "नाताळवर काहीतरी लिहा" असा निरोप आला तेव्हा या काकूच आठवल्या. केकची कृती सौ.कडे आहे, ती फोनवर मिळेल. मी पडलो आय.टी.तला माणूस. दुसऱ्याने बांधलेली जुनी सिस्टीम हातात आली की पहिला प्रश्न पडतो, हे इथे कुणी घातलं, कधी आणि का? डिसेंबरात आमच्या घरात जे जे चालतं त्याचा असाच शोध मी गेली काही वर्षं घेतो आहे. त्याला एक घरगुती कारणही आहे. ते पुढे येईल.

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. चर्चचं नवं वर्ष १ जानेवारीला नव्हे, यातल्या पहिल्या रविवारी सुरू होतं. धर्मगुरूंचा झगा जांभळा होतो, वेदीवरची फुलं कमी होतात आणि वाट पाहणं सुरू होतं. मुळात हा उपासाचा काळ. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेच्युअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास सांगितला होता. आपला चातुर्मास आठवावा असाच प्रकार. आपल्या बुल रिंगमध्ये जे मोठं चर्च आहे ते याच तूरच्या संत मार्टिनच्या नावाचं. (आज ते अँग्लिकन आहे.) त्याच्या पायथ्याशी नोव्हेंबरपासून खरेदीची जी झुंबड उडते ती पाहिली की मला बिचारे पर्पेच्युअस आठवतात.

माझं लहानपण वसईच्या नंदाखाल-निर्मळ पट्ट्यात गेलं. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, विहिरी, आणि जरा चाललं की एक चर्च. नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च १५७३ सालचं. निर्मळला शंकराचार्यांचं मंदिर आहे. कार्तिक वद्य एकादशीला तिथली जत्रा सुरू होते आणि तिला आम्ही ख्रिस्ती मुलंही तितक्याच हौसेने जायचो. जत्रेतून आणलेली सुकेळी संपत आली की आगमनकाळ लागायचा, हे आमचं कॅलेंडर.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढची २०५ वर्षं ती त्यांच्याकडे राहिली. आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले ते या काळात. ते सगळं गोडीगुलाबीने झालं असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही; देवळं पाडली गेली, लोकांवर दडपण आलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. शाळेत हा धडा आला तेव्हा गुरुजी रंगात येऊन सुरुंग, खंदक आणि तटाला पडलेली खिंडारं सांगत होते. वर्गात निम्मी मुलं ख्रिस्ती, पण सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मी आजीला विचारलं, "आजी, आपण जिंकलो की हरलो?" आजी भाजी निवडत होती. म्हणाली, "आपण वाडी शिंपत होतो."

इतिहासाच्या पुस्तकात नसलेला भाग हा की त्यानंतर वाडी शिंपणाऱ्यांचं काय झालं. तहाच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मोकळीक होती आणि काही चर्चेसही चालू राहिली. पण पोर्तुगीज पाद्री निघून गेले. किल्ल्यातली चर्चेस ओस पडली. हल्ली तिथे सिनेमावाले गाणी चित्रित करतात. त्यांच्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. भीमाशंकरची आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. (मी मेणवलीला सहलीत गेलो होतो तेव्हा उगाचच तिला हात लावून आलो. गावची भेटल्यासारखं वाटलं.) घंटा गेल्या, धर्मगुरू थोडे उरले. अशा वेळी धर्म राहतो तो घरात. संध्याकाळची प्रार्थना, जपमाळ, सण आणि सणाचं खाणं.

भाषेचंही तसंच. व्हॅटिकनची दुसरी महापरिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली आणि त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली. तोवर चर्चमध्ये लॅटिन. माझी आजी लॅटिन उत्तरं तोंडपाठ म्हणायची, अर्थ एकाही शब्दाचा माहीत नव्हता. तिचं देवाशी खरं बोलणं व्हायचं ते घरी, तिन्हीसांजेला, मराठीत. नाताळ, पाद्री, मिस्सा, क्रूस हे शब्द पोर्तुगिजांनी दिले, पण वाक्य आमचंच राहिलं. त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे 'सुवार्ता' मासिकाचे संपादक झाले आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर रांगेत सुचलं नव्हतं, ते हे.

आता घरातला डिसेंबर. चांदणीचा कंदील शेजारचे काका करून द्यायचे. दिवाळीला आकाशकंदील करायचे त्याच कामट्या आणि तोच जिलेटीनचा कागद, फक्त कोन पाच. कलकल करायला सगळ्या मुलांना ओळीत बसवायचे. पिठाची गोळी काट्याच्या चमच्यावर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायची म्हणजे तिच्यावर शिंपल्यासारख्या रेघा उठतात. करंज्या तर व्हायच्याच. नाताळच्या सकाळी फुगे. हे खायचे फुगे: मैद्यात ताडी आणि नारळाचं दूध घालून, पीठ आंबवून, तळलेले. बर्मिंगहॅमात ताडीच्या जागी यीस्ट वापरतो. फुगतात, पण आजीच्या मते ते फुगे नव्हेतच.

पण माझ्या आवडीचं काम होतं नाचणीचं. डिसेंबरच्या मध्यावर आई पत्र्याच्या डब्याच्या झाकणात माती पसरून नाचणी पेरायची. रोज हाताने पाणी शिंपडायचं. नाताळपर्यंत बोटभर हिरवी लव यायची आणि ती झाकणं गोठ्यात मांडली की बेथलेहेमची कुरणं तयार! शेजारी नवरात्रात घट बसायचे तेव्हा तिथेही धान्य रुजत घातलेलं असायचं. शेतकऱ्याच्या घरी देवासाठी बी रुजवणं दोन्हीकडे सारखंच. पुढे वाचनात आलं की फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, बशीत गहू पेरतात आणि नाताळला त्या हिरव्या बशा टेबलावर मांडतात.

गोठ्याची प्रथा संत फ्रान्सिसची. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात त्याने खरा बैल, खरं गाढव आणि गवताची गव्हाण मांडून येशूजन्माचा देखावा केला. वसईत सुरुवातीला आले तेही त्याच्याच संघाचे पाद्री. आमच्या गोठ्यात २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी असते. मुलांनी काही चांगलं काम केलं की गव्हाणीत एक काडी टाकायची, बाळाला मऊ लागावं म्हणून. माझा धाकटा एका दिवसात बारा काड्या टाकतो आणि चौकशी केली की वकिलासारखा बोलतो.

इथे आल्यावर, म्हणजे एम.एस्सी. करून नोकरी लागल्यावर, मला वाटलं होतं की आपण आता ख्रिस्ती देशात आलो, नाताळ आपोआप होईल. तसं काही होत नाही. नाताळ सगळीकडे असतो, घरात मात्र आपल्यालाच करावा लागतो. आणि कॅथलिकांना तर या देशात अडीचशे वर्षं तो दारं लावूनच करावा लागला होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्याला कारण एक सहल झाली. किडरमिन्स्टरजवळ हार्विंग्टन हॉल नावाचा खंदकाने वेढलेला जुना वाडा आहे, हम्फ्री पॅकिंग्टन नावाच्या कॅथलिक जमीनदाराने १५८० च्या दशकात बांधलेला. १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेला कॅथलिक धर्मगुरू इंग्लंडात सापडला तर तो राजद्रोह, आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड. म्हणून या वाड्यात जिन्याखाली, छताआड, भिंतीत माणूस लपेल अशा जागा केलेल्या आहेत. एक जाडजूड उभी तुळई खालून ढकलली की सरकते आणि आत अंधारी फट दिसते. धाकट्याला तिथून ओढून काढावं लागलं. थोरलीने मात्र विचारलं, "मग मिस्सा कुठे करायचे?" घरातच. माळ्यावरच्या खोलीत, पडदे ओढून, बाहेर कुणीतरी पाळतीवर ठेवून. आपल्या शहरात मॅसहाउस नावाचा भाग आहे ना, तिथे १६८७ साली कॅथलिकांनी चर्च बांधलं होतं. पुढच्याच वर्षी जमावाने ते जाळलं, नाव तेवढं उरलं. १८२९ च्या कायद्याने बहुतेक बंधनं उठली. मग १८४१ मध्ये प्युजिनने बांधलेलं आपलं सेंट चॅड्स कॅथीड्रल उभं राहिलं. धर्मसुधारणेनंतर इंग्लंडात बांधलेलं ते पहिलं कॅथलिक कॅथीड्रल.

याच दडपणातून एक तरुण इंग्लंड सोडून गेला. त्याचं नाव थॉमस स्टीफन्स, विल्टशायरमधल्या बुश्टनचा. १५७५ मध्ये तो रोममध्ये जेझुइट झाला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला उतरला. प्रवासाचं वर्णन करणारं त्याने वडिलांना लिहिलेलं पत्र पुढे इंग्लंडात छापलं गेलं. पण आपल्याला तो माहीत आहे तो 'ख्रिस्तपुराणा'मुळे. दहा हजारांहून अधिक ओव्या, एका इंग्रजाने मराठीत रचलेल्या, १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलेल्या. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आपण शाळेत पाठ केल्या, पण तो माणूस इथून तीन तासांच्या अंतरावरचा, हे कुठे ठाऊक होतं? १६१९ मध्ये तो गोव्यातच वारला. इंग्लंडात परत आलाच नाही.

आता एक गंमत. १६४७ मध्ये इंग्लंडच्या प्युरिटन संसदेने नाताळ हा सणच रद्द केला. तो कायदेशीरपणे परतला १६६० मध्ये, राजा परतल्यावर. 'ख्रिस्तपुराणा'च्या पुढच्या दोन आवृत्त्या निघाल्या १६४९ आणि १६५४ मध्ये. म्हणजे ज्या वर्षांत इंग्रजांच्या देशात नाताळ करायला बंदी होती, त्या वर्षांत एका इंग्रजाने सांगितलेली येशूजन्माची कथा मराठीत छापली जात होती! ही गोष्ट मी ऑफिसातल्या इंग्रज सहकाऱ्यांना दर डिसेंबरात सांगतो. आता ते मी तोंड उघडायच्या आत चहाला निघतात.

बाकीच्या गोष्टींची उत्पत्ती थोडक्यात. आमच्या टेबलावरचं चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र (तीन जांभळ्या, एक गुलाबी, दर रविवारी एक वाढवायची) मला जुनं कॅथलिक वाटत होतं. ते निघालं प्रोटेस्टंट आणि जर्मन. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला गरीब मुलांचा आश्रम चालवणाऱ्या योहान विखर्न यांना मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? त्यांनी गाडीच्या चाकावर रोजच्या दिवसांसाठी लहान लाल आणि रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. कॅथलिक चर्चमध्ये ते शिरलं १९२५ च्या सुमारास, कोलोनला. जर्मनांचं आपल्या शहराशी नातं आहेच. फ्रँकफर्टचा नाताळबाजार इथे पहिल्यांदा १९९७ मध्ये भरला आणि २००१ पासून दरवर्षी भरतो, एक २०२० सोडून. चॉकलेटचं कॅलेंडर कॅडबरीने १९७१ मध्ये काढलं. त्या कॅडबरी घराण्याचा क्वेकर पंथ जुन्या काळी नाताळ मुळी वेगळा पाळतच नसे. देवाला सगळे दिवस सारखे, हा त्यांचा विचार. मुलांना हा विचार सांगून पाहिला. पटला नाही.

आणि टॉल्किन. तो आपल्याच शहरात वाढला. आई १९०० मध्ये कॅथलिक झाली म्हणून नातेवाइकांनी मदत तोडली. १९०४ मध्ये ती वारली आणि बर्मिंगहॅम ऑरेटरीचे फादर फ्रान्सिस मॉर्गन त्या दोघा भावांचे पालक झाले. हाच टॉल्किन स्वतः बाप झाल्यावर १९२० पासून १९४३ पर्यंत दर नाताळला मुलांना फादर ख्रिसमसच्या नावाने चित्रांची पत्रं लिहीत राहिला. ती १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आली. आईने किंमत मोजून ठेवलेला नाताळ त्याला मुलांपर्यंत पोचवायचा असणार, असं मला ती पत्रं चाळताना वाटतं. ते कुणी समीक्षक मान्य करेल की नाही, सोडून द्या.

तर ते घरगुती कारण. इथे घर केल्यापासून आगमनकाळाच्या चारही रविवारी आमच्याकडे दुपारी दीडला मेणबत्ती लागायची, कारण तेव्हा वसईत संध्याकाळचे सात, आईच्या जपमाळेची वेळ. फोन टेबलावर उभा करायचा, ती पलीकडून प्रार्थना सांगायची, मुलं इकडून उत्तर द्यायची. मराठीत, अर्थातच. बाकी आठवडाभर मुलं काय ती इंग्रजी बोलोत, या चार दुपारी आजीपुढे सुटका नव्हती. २०२४ च्या फेब्रुवारीत आई गेली.

त्या डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सवयीने दीडला मेणबत्ती लावली. फोन नव्हता. मी सुरुवात केली, धाकट्याने निम्मं म्हटलं. थोरली गप्प. मग म्हणाली, "पप्पा, आता आजी नाही. मग मराठीत कशाला? येशूला इंग्रजी येतं." उद्धटपणे नाही म्हणाली. खरंच विचारत होती. आजीला समजावं म्हणून मराठी, असं तिने इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. मला काही बोलता आलं नाही. त्या दिवशी इंग्रजीत म्हटली प्रार्थना. बायको स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

पुढचे दोन रविवारही इंग्रजीतच गेले. मी तिला काही समजावलं नाही. पण उन्हाळ्यातल्या त्या वाड्याचं आणि स्टीफन्सचं जेवताना सांगत राहिलो, कारण त्या दिवसांत मी तेच वाचत होतो. चौथ्या रविवारी ती वहीचा एक कागद घेऊन आली. आजीची सगळी प्रार्थना तिने आठवून लिहून काढली होती. इंग्रजी अक्षरांत! देवनागरी तिला वाचता येते, लिहिताना अडखळते. तो कागद पाहून आधी मला वाईट वाटलं. 'ळ'साठी तिने एल हे अक्षर लिहून खाली टिंब दिलं होतं. मग एकदम आठवलं. १६१६ चं 'ख्रिस्तपुराण' छापलं तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. देवनागरीतलं एक जुनं हस्तलिखित लंडनला सोआसच्या ग्रंथालयात आहे आणि १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलूंनी ते पुराण देवनागरीत काढलं, पण मराठी ख्रिस्तकथेची छापील सुरुवात अशीच आहे, परक्या अक्षरांत. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याने 'ळ' कसा लिहिला?"

तो कागद आता प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मेणबत्त्यांच्या चक्राशेजारी असतो. त्यात तीन चुका आहेत. दोन मी दुरुस्त केल्या. तिसरी आईचीच होती, ती तशीच ठेवली आहे.

काकू दरवर्षी २७ डिसेंबरला आमचा गोठा पाहायला येतात. तुम्हीही या, फुगे असतील. येताना एक करा, कुणाकडे अख्खी नाचणी असेल तर मूठभर घेऊन या. आईने पाठवलेली पिशवी गेल्या वर्षी संपली आणि स्पार्कहिलच्या दुकानांत मला आतापर्यंत नाचणीचं पीठच मिळालं आहे.